रात्रीचा वाटा

राजूर कॉलरीत उर्वशी पाझारेचं नाव काढलं की लोक आधी तिच्या रागाचं सांगतात आणि मग तिच्या पळण्याचं. भर मैदानात सरांना बोलली, आईला दवाखान्यात रडवलं, सख्ख्या भावाच्या तोंडचा घास काढून घेतला. यातलं काहीच धादांत खोटं नाही. पण ती एवढी कशावर चिडली, हे विचारलं तर सांगणारे खांदे उडवतात. पोरगीच तशी आहे, म्हणतात. ती तशी नव्हती. तिला तसं व्हावं लागलं.

तिचे वडील धर्मपाल रेल्वेच्या सायडिंगवर कोळसा भरण्याच्या कामावर, ठेकेदाराच्या हाताखाली. आई रुखमाबाई घर सांभाळून हंगामात कापूस वेचायला जायची. उर्वशी थोरली, संघर्ष तिच्याहून वर्षाने धाकटा. बारावीनंतर दोघांनीही पोलीस भरतीची तयारी करायची असं घरात ठरलं, तेव्हा धर्मपालने दोघांसाठी एकाच दिवशी, एकाच दुकानातून पळायचे जोडे आणले. बुद्धविहाराच्या मागच्या त्या गल्लीत हे घर त्यासाठीच ओळखलं जायचं. पोरगा-पोरगी भेद नाही. रुखमाबाई तर वरणसुद्धा पळीने मोजून वाढायची. अंडी आणली की दोघांना सारखी, रविवारी मटण शिजलं की फोडी सारख्या. शेजारणी यावरून तिला हसायच्या आणि ती त्याचा अभिमान बाळगायची.

खोट तिथे नव्हती. म्हणून ती कोणाला दिसलीही नाही.

उर्वशीचा दिवस अंधारात सुरू व्हायचा. नळ पहाटेच यायचा आणि लवकर जायचा. ती पाणी भरायची, कपभर चहा घ्यायची आणि सायकल काढून वणीच्या बाजूच्या मैदानावर जायची. तिथे शंकरसिंग राठोड पोरापोरींची तयारी करून घ्यायचे. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, दंडुक्यासारखा सरळ. आवाज मोठा, कोणाकडून काही न घेता शिकवायचे. पळणं झालं, गोळाफेक झाली की उर्वशी इतर पोरींसारखी लगेच सायकलवर बसायची. घरी वडिलांचा डबा व्हायचा असे, आई शेतावर जाण्याच्या घाईत असे. पोळ्या, भाजी, झाडणं, भांडी. हे सगळं आटपेपर्यंत भूक मरून जायची. मग चहात बुडवून अर्धी पोळी खायची, दुपारी भात आणि कालची भाजी. वरण, उसळ, अंडी, जे काही अंगाला लागणारं शिजायचं ते रात्री शिजायचं. रात्री सगळे घरी असत, म्हणून. तेव्हा ती पोटभर जेवायची आणि ताटावरून उठली की झोपायची.

संघर्ष मैदानावरून थेट विहाराच्या अभ्यासिकेत जायचा. तो दुपारपर्यंत घरी येणार नाही, म्हणून रुखमाबाई त्याची अंडी आदल्या रात्रीच उकडून त्याच्या डब्यात घालायची, सोबत भिजवलेले चणे. उर्वशीची रात्रीसाठी ठेवायची. ती घरीच तर आहे, रात्री खाईल. यात कसलाही दुजाभाव नव्हता, सोय होती. अशा सोयींनीच पोरींची हाडं बारीक राहतात, पण ते पुढे.

वर्ष गेलं. संघर्षच्या खांद्यांना आकार आला, मांड्या भरल्या. उर्वशी त्याच्याइतकीच पळत होती आणि तिचा गोळा मात्र वर्षापूर्वी जिथे पडायचा तिथेच पडत होता. पोटऱ्यांत गोळे यायचे. टाचेला झालेली जखम भरता भरेना. केस विंचरले की फणीत गुंता यायचा. भरतीच्या उंचीच्या पट्टीला ती जेमतेम पुरायची, त्याचीही धास्ती होतीच. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, मेहनत वाढव. तिने वाढवली. चढावर पळू लागली, संध्याकाळी दोरीवरच्या उड्या मारू लागली. ती आणखीच उतरली. बायका म्हणाल्या, पोरीच्या जातीला हे झेपत नाही. हे वाक्य तिने इतक्या तोंडून ऐकलं की एक दिवस तिला ते खरं वाटायला लागलं. त्या एका दिवसाबद्दल तिला आजही स्वतःचा संताप येतो.

मग एका सकाळी तिची सायकल पंक्चर झाली.

दुकान उघडायला वेळ होता. बाकीच्या पोरी निघून गेल्या आणि उर्वशी मैदानाच्या फाटकाशी सायकल धरून उभी राहिली. समोर रस्त्यापलीकडे जीवनची अंड्यांची गाडी लागायची. पोरं तिथे गोळा झाली होती, कोणी घरचा डबा उघडला होता, कोणी गाडीवरचं खात होतं. राठोड सर मधोमध उभे राहून बोलत होते. कोळशाचे ट्रक धूळ उडवत जात होते, तरी त्यांचा आवाज इकडे स्पष्ट येत होता. सांगत होते की व्यायाम झाला की पुढच्या तास-दीड तासात खा. डाळ, चणे, अंडी, दूध, जे असेल ते तिन्ही वेळच्या जेवणात वाटून खा, सगळं रात्रीसाठी राखू नका. शरीर म्हणजे काही धान्याची कोठी नाही, की एकदाच भरली आणि दिवसभर पुरली. पोरं माना डोलवत खात होती. त्यांना हे पाठ होतं.

उर्वशी रस्ता ओलांडून गेली. तिने विचारलं, सर हे रोज सांगतात का. एक पोरगा हसून म्हणाला, रोजच तर सांगतात, पुढचं वाक्य कोणतं तेही सांगू का.

तिने सरांकडे पाहिलं. "सर, मले एक वर्स झालं इथं येऊन. हे मी आज पहिल्यांदा ऐकून राह्यली."

"तुम्ही पोरी थांबता कुठं?" सर म्हणाले. "झालं की पळता घरी."

"आम्ही थांबत नाई, हे तुम्हाले रोज दिसते. मंग सुरुवातीले सगळे रांगेत उभे असतात तवा काहून नाई सांगत? मले तं तुम्ही मेहनत वाढव म्हणलं. कशावर वाढवू? चहावर?"

सरांना कोणी असं बोललेलं नव्हतं. जास्त बोलू नकोस, एवढंच ते म्हणाले आणि जीवनने पुढे केलेला चहाचा कप घ्यायला वळले. पोरांतला एक खाली मान घालून अंडं सोलत होता. तो संघर्ष होता. वर्षभर तो हे ऐकत होता, त्याप्रमाणे खात होता, आणि घरी येऊन बहिणीला एकदा सांगावं असं त्याला सुचलं नव्हतं. त्याने लपवलं नव्हतं. त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि उर्वशीला ते लपवण्याहून जास्त लागलं.

ती सायकल ढकलत राजूरपर्यंत चालत गेली. घरी पोचली तेव्हा वडील डब्याविना कामावर गेले होते आणि आई चुलीपुढे धुमसत बसली होती. दोघींचं भांडण गल्लीने ऐकलं.

रुखमाबाईला आधी कळेचना की पोरगी कशाबद्दल बोलते आहे. "माह्या हातानं मोजून देतो दोघायले," ती म्हणाली. "एक चणा कमी-जास्त होऊ देत नाई."

"मोजून देतं, पण कवा देतं?"

"पोटातच जाते ना? मंग सकाळ काय न् रात्र काय?"

उर्वशीने मैदानावर जे ऐकलं ते अर्धंच होतं. ती नुसती ओरडत राहिली, आणि आईच्या आयुष्यभराच्या न्यायीपणावर कोणी पहिल्यांदाच बोट ठेवल्यामुळे आईही ओरडत राहिली. शेवटी रुखमाबाईने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, चल दवाखान्यात, डॉक्टरीणबाईलाच विचारू मी तुला उपाशी ठेवते का.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गर्दीने थकलेल्या. त्यांनी उर्वशीची टाच पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त तपासायला दिलं. रुखमाबाई सांगत होती की आमच्या घरी भेदभाव नाही, पोरगा जे खातो तेच पोरगी खाते. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या.

"कधी खाते?"

रुखमाबाईने सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज हळू झाला, कारण पहिल्यांदाच ते सगळं एका ओळीत तिने स्वतःच्या तोंडून ऐकलं. पहाटे चहा, मग चहा-पोळी, दुपारी भात, आणि रात्री सगळं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते सोप्या शब्दांत. जास्तीचं तेल-साखर शरीर चरबी करून ठेवतं, पण डाळ-अंड्यातली प्रथिनं तशी साठवून ठेवायची जागा शरीरात नाही. स्नायूंची झीज आणि भर दिवसभर चालू असते. ही पहाटे पळून झीज करून घेते आणि भर घालायला माल मिळतो रात्री. मधल्या वेळात शरीर आपल्याच अंगातलं काढून भागवतं. आणि रात्री एकदम खाल्लं म्हणून सगळंच स्नायूंना लागत नाही, बरंचसं नुसतं जळून जातं. "वेळ बदलली म्हणजे जादू होईल असं समजू नका," त्या म्हणाल्या. "पहिलं महत्त्व एकूण किती खाता त्याला, वेळेचं त्याच्या मागे. या पोरीचं दोन्ही कमी पडतंय. रक्तही कमी निघणार, मला दिसतंच आहे."

उर्वशीने विचारलं, "मॅडम, मी न्हाती-धुती झाली तवापासून असंच खात आली. अंग वाढाचे दिवस तेच होते ना? तवा वेगळं असतं तं मी वेगळी झाली असती का?"

"ते आता कोणीच सांगू शकत नाही."

हेच ते उत्तर, जे तिच्या आत आजही जळतं. हो म्हणाल्या असत्या तर तिने दुःख केलं असतं, नाही म्हणाल्या असत्या तर सोडून दिलं असतं.

उठता उठता डॉक्टरीणबाईंनी रुखमाबाईचं मनगट धरलं, दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही कधी जेवता. रुखमाबाई म्हणाली, "मी? हिच्या मांगून." आणि मग ती रडायला लागली. दवाखान्यात आईला रडवलं म्हणतात ते हे. उर्वशी तिला ओरडली नव्हती, नुसती शेजारी उभी होती. घरून निघताना सगळा राग आईवर होता. आता आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सैल सरकताना पाहून तिला कळेना की राग ठेवायचा कुठे.

त्या संध्याकाळी तिने तो घरात सगळ्यांपुढे ठेवला. म्हणाली, उद्यापासून मी मैदानावर खाऊनच घरी येणार. पाणी कोण भरेल, डबा कोण करेल, ते तुम्ही ठरवा. धर्मपाल दिवसभर फावडं मारून आला होता. तो म्हणाला की साऱ्या दुनियेच्या बाया सकाळी कामच करतात, त्यात नवं काय. वाईट बोलायचा त्याचा हेतू नव्हता. पण उर्वशी त्यानंतर बरेच दिवस त्याच्याशी बोलली नाही. संघर्ष म्हणाला, त्याला पेपरचा अभ्यास असतो, पहाटे पाणी भरत बसला तर तो मैदानावर काय करेल.

उर्वशीने उठून फळीवरून त्याचा डबा काढला. आईने नुकतीच उकडलेली अंडी त्यात होती, चणे होते. तिने तो आपल्या पिशवीत ठेवला.

"तू माह्या वेळेले खाय, मी तुह्या वेळेले खातो. वाटा सारखाच राह्यते. मायले विचार, तिनं मोजला हाय."

संघर्षने आईकडे पाहिलं. रुखमाबाईने पोरीचाही पक्ष घेतला नाही आणि पोराचाही, ती परातीत पीठ मळत राहिली. संघर्षही इरेला पेटला. रात्री खाल्लं तर काय मरतो का, म्हणाला.

तो मेला नाही. आठवडाभर त्याने पळून दाखवलं. पाणी मात्र उर्वशीनेच भरलं, कारण तो उठलाच नाही. पुढच्या आठवड्यात चढावर त्याचे पाय दगडाचे झाले. जीवनच्या गाडीपाशी बाकीची पोरं खात असताना तो रिकाम्या हाताने उभा असायचा आणि पलीकडे फाटकाशेजारच्या भिंतीवर त्याची बहीण बसून त्याच्या डब्यातलं खात असायची. त्याच्याकडेच नव्हे, सगळ्यांकडे बघत, सावकाश चावत. अभ्यासिकेत त्याला डुलक्या येऊ लागल्या. तो आईवर खेकसला, वडिलांवर खेकसला, आणि एका पहाटे, उर्वशी उठायच्या आत, नळाखाली बादली लावून बसला. बहिणीची दया आली म्हणून नव्हे. त्याला त्याची सकाळ परत हवी होती. उर्वशीने दारातून पाहिलं आणि दुसरी हंडी त्याच्याजवळ सरकवली.

तिथून घरची घडी बदलली. गोडीगुलाबीने नाही, खडखडाट होत बदलली. रुखमाबाई चणे-मटकी रात्रीच भिजत घालू लागली आणि वरणाचा कुकर सकाळी लावू लागली. शेतावर जाण्याआधी ती स्वतः वरणात पोळी कुस्करून खायची, उभ्याउभ्याच, कोणी पाहत नाही ना अशी नजर टाकत. धर्मपाल काही दिवस शिळी भाकर आणि कांदा घेऊन गेला, कुरकुरला, मग तेच वरण डब्यात नेऊ लागला. पोरीचं बरोबर होतं असं तो कधीही म्हणाला नाही.

गल्लीत मात्र बोभाटा झाला. रस्त्याच्या कडेला भिंतीवर बसून, पुरुषांसमोर, पोरगी अंडी खाते. कोणी रुखमाबाईला टोचलं की भरतीच्या नावाखाली पोरगी हातची चालली. संघर्षसोबत बाकीची पोरं रोज तिथेच खात होती, त्यांचं कोणाला काही वाटलं नव्हतं.

काही महिन्यांत उर्वशीची टाच भरली. पोटऱ्यांतले गोळे थांबले, चढ आवाक्यात आला, गोळा जुन्या खुणेच्या पुढे पडू लागला. दवाखान्यातल्या रक्तवाढीच्या गोळ्याही चालू होत्या, तेव्हा श्रेय एकट्या अंड्यांना देऊ नये. ती स्वतःही देत नाही.

भरती आली. ती उंचीच्या पट्टीखाली ताठ उभी राहिली आणि पार झाली. धावली चांगली, गोळा कधी नव्हे एवढा लांब टाकला. यादी लागली तेव्हा थोडक्या गुणांनी तिचं नाव हुकलं. संघर्षही राहिला, लेखी पेपरात. गल्लीतले लोक संघर्षला म्हणाले, पुढच्या वर्षी होईल. तिला म्हणाले, अंडे खाऊन काय झालं मग.

तिने ते ऐकून घेतलं नाही. जो म्हणाला त्याला तिथेच सांगितलं, एका वर्षाचं खाणं वाढीच्या सगळ्या वर्षांचं भरून काढत नाही, तुमच्या घरातली पोरगी आज सकाळी काय खाऊन शाळेत गेली ते आधी सांगा.

त्यानंतर राठोड सर स्वतः घरी आले. चहा घेतला, बराच वेळ धर्मपालशी पावसापाण्याचं बोलले. निघताना उर्वशीला म्हणाले की मैदानावर आता पोरी वाढल्यात, त्यांच्याकडे तू बघ, खाण्यापिण्याचंही त्यांना तूच सांग. माफी त्यांना मागता आली नाही.

"मी पोरींले वेगळं सांगणार नाई," ती म्हणाली. "सगळ्यायले सांगीन. सुरुवातीले, रांगेत. आन् तुम्ही बाजूले उभे राह्यसान."

सरांनी मान हलवली. तसंच झालं. आता मैदानावर शिट्टी वाजण्याआधी उर्वशी बोलते, आणि पळणं झाल्यावर पोरी भिंतीवर ओळीने बसून डबे उघडतात. कोणाच्या डब्यात अंडी, कोणाकडे शेंगदाणे-गूळ, कोणाकडे रात्रीची मटकी. रिकामा डबा आणणारी दिसली की उर्वशी तिच्या घरी जाते. ती गोड बोलत नाही. दोन घरांनी यावरून पोरी पाठवणं बंद केलं, त्यातली एक परत आली, दुसरी आली नाही. तिचं लग्न ठरलं असं कळलं. उर्वशीची स्वतःची तयारी चालूच आहे, पुढच्या भरतीची.

मागच्या महिन्यात रुपाली नावाच्या पोरीचा बाप मैदानावर आला. रुपाली नववीत आहे, हातापायाची काडी. घरी पाहुणे यायचे होते, पाणी नव्हतं, म्हणून तो तिला न्यायला आला होता. त्याने मोटारसायकल भिंतीला लावून चालूच ठेवली आणि पोरीला हाक मारली. रुपालीने अर्धवट खाल्लेला डबा मिटला.

उर्वशीने तो तिच्या हातून घेऊन पुन्हा उघडला. "खाऊन घे आधी."

बाप म्हणाला, घरी जाऊन खाईल, घरात काही कमी नाही. उर्वशी म्हणाली, घरी जाऊन ती पाणी भरेल, मग स्वयंपाक करेल, मग पाहुण्यांना वाढेल, आणि तिचं खाणं रात्री होईल. तो म्हणाला, मग काय झालं. गाडी धडधडत होती. पोरी चावायच्या थांबल्या होत्या, राठोड सर लांबून पाहत होते. संघर्ष रस्ता ओलांडायला निघाला, तर उर्वशीने हातानेच त्याला तिथे थांबवलं.

ती मोटारसायकलजवळ गेली. हात घालून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली. किल्ली काढली नाही, तिथेच राहू दिली.

"बसा," ती म्हणाली. "लय वेळ नाई लागत."

तो बसला नाही. गाडीला टेकून, रागाने लाल होऊन, उभा राहिला. पण गेलाही नाही. रुपालीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा उर्वशीकडे, आणि खाली मान घालून उरलेली मटकी खायला लागली. ती घाईघाईने घास घेत होती तेव्हा उर्वशी तिला म्हणाली, चावून खा.